मांड्या दहा, दम सहा: एका ट्रायथलीटच्या दोन चाचण्या

धावण्याची चाचणी असली की त्या पंधरा मिनिटं आधीच ट्रॅकवर हजर असायच्या. सायकलची चाचणी असली की आदल्या रात्री मेसेज यायचा. कधी घसा खवखवतोय, कधी झोप झालेली नाही, कधी ट्रेनर (सायकल घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र) मोबाइलला जोडलाच जात नाही. पहिल्या दोन वेळा मी, त्यांचा प्रशिक्षक, तो मेसेज जसाच्या तसा खरा मानला. तिसऱ्या वेळी मागच्या तारखा काढून बसलो. धावण्याच्या चार चाचण्या ठरल्या होत्या आणि चारही झाल्या होत्या. सायकलच्या पाच ठरल्या होत्या. त्यांतल्या दोन झाल्या होत्या, आणि त्यांपैकी एक अर्धवट.

त्यांचं नाव देत नाही, लिहायला त्यांची हरकत नाही. वय ४१, वजन ५८ किलो. नऊ वर्षं धावत होत्या, ट्रायथलॉनचं हे दुसरं वर्ष. तयारी अर्ध्या अंतराच्या शर्यतीची होती: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. या शर्यतीत जवळपास निम्मा वेळ सायकलवर जातो. म्हणजे ज्या आकड्यावर सगळा बेत उभा राहणार होता तोच आमच्याकडे धड नव्हता, आणि ज्याची तेवढी घाई नव्हती तो दर तीन आठवड्यांनी ताजा मिळत होता.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या प्रकरणातल्या चुका मोजायला बसलं तर माझ्या जास्त भरतील.

ट्रॅकवर आणि खोलीत

धावण्यासाठी आम्ही ट्रायथलॉन प्रशिक्षक जो फ्रिएल (Joe Friel) यांची ३० मिनिटांची पद्धत वापरायचो. एकट्यानं, सोबतीला कुणी न घेता, ३० मिनिटं टिकेल इतक्या जोरात धावायचं आणि शेवटच्या २० मिनिटांतल्या हार्ट रेटची सरासरी थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल त्या जोराचा हार्ट रेट, म्हणून धरायची. पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची, कारण तेव्हा हार्ट रेट अजून चढत असतो. त्या दिवशी त्यांनी ६.४५ किलोमीटर काढले. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सोळा फेऱ्या आणि वर पन्नास मीटर, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ३९ सेकंद. पहिली फेरी १:५२, आठवी १:५२, शेवटची १:४८. असा सरळ आलेख मला क्वचित बघायला मिळतो. हार्ट रेटची सरासरी १७६. संपल्यावर गवतावर आडव्या झाल्या, दोन मिनिटांनी उठून बसल्या आणि विचारलं, "पुढची कधी, सर?" दहापैकी किती कठीण गेली? "आठ."

चार दिवसांनी सायकलची चाचणी झाली, घरातल्या खोलीत, स्मार्ट ट्रेनरवर. पद्धत सायकलिंग प्रशिक्षक हंटर अ‍ॅलन आणि संशोधक अँड्र्यू कॉगन यांच्यामुळे सगळीकडे पोचलेली: २० मिनिटं पूर्ण ताकदीनं चालवायची आणि सरासरी पॉवरचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी धरायचा. एफटीपी म्हणजे साधारण तासभर एकसारखी टिकवता येईल ती पॉवर. तासभर चाचणी द्यायला कुणी तयार होत नाही, म्हणून २० मिनिटं घेऊन पाच टक्के कापायचे. मूळ पद्धतीत त्या २० मिनिटांच्या आधी ५ मिनिटांचा एक जीव काढणारा तुकडा असतो, ताज्या पायांतली उसनी ताकद आधीच खर्च व्हावी म्हणून. बहुतेक लोक तो गाळतात. आम्हीही गाळला.

सरासरी आली १७८ वॅट, म्हणजे एफटीपी १६९. आलेख बघण्यासारखा होता, पण वेगळ्या कारणानं. पहिली चार मिनिटं २०६ वॅट, नंतरची चौदा मिनिटं १६८ च्या आसपास रखडलेली, शेवटची दोन १९०. म्हणजे जोरात उडी, मग लांबच लांब खड्डा, आणि संपतंय असं दिसल्यावर पुन्हा उसळी. हार्ट रेटची सरासरी १५९. दहापैकी किती? "दहा. अकरा असतील तर अकरा." डोळ्यांत पाणी होतं. "मला सायकल जमत नाही, सर."

मी दोन हार्ट रेट शेजारी ठेवले, १७६ आणि १५९, आणि म्हणालो, "तुम्ही सायकलवर स्वतःला राखून ठेवता."

या एका वाक्यानं आमचे दोन महिने खाल्ले.

सतरा ठोक्यांचं गणित

दोन्ही खेळांत एकाच माणसाचा हार्ट रेट सारखा येत नाही, हे मला माहीत होतं. धावताना अंगाचं सगळं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. मांड्या, पोटऱ्या, नितंब, पाठ, हात, सगळ्यांना काम असतं. सायकलवर वजन सीटवर टेकलेलं असतं, हात हँडलवर निवांत, आणि कामाचा बहुतेक भार मांड्या आणि नितंबांवर. कमी स्नायू काम करतात म्हणून एकूण ऑक्सिजनची मागणी कमी आणि हृदयालाही तितकं धावावं लागत नाही. बऱ्याच खेळाडूंचा सायकलवरचा थ्रेशोल्ड हार्ट रेट धावण्यापेक्षा पाच ते दहा ठोक्यांनी खाली असतो. जो माणूस धावण्यातून आलाय आणि सायकलवर अजून नवा आहे, त्याच्यात हा फरक सहसा मोठा असतो.

म्हणजे सतरापैकी दहा ठोक्यांचा हिशेब तिथेच लागत होता. उरलेले सात त्या खड्ड्यातले होते. पहिल्या चार मिनिटांत ताकद उधळल्यावर पुढे पायच उठत नव्हते, मग हृदय कशासाठी धडधडणार? मी मात्र सगळ्याच्या सगळ्या सतरा ठोक्यांचा अर्थ "मनापासून जोर लावला नाही" असा काढला. ज्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं तिला मी हे सांगितलं.

आणखी एक घोळ याच काळात चालू होता, तो बऱ्याच उशिरा लक्षात आला. त्यांच्या घड्याळात हार्ट रेटचे झोन (सोपं, मध्यम, कठीण ठरवणाऱ्या पट्ट्या) एकच होते, धावण्याच्या १७६ वरून काढलेले, आणि घड्याळ तेच झोन सायकलला लावत होतं. त्यामुळे सोपी म्हणून केलेली सायकल १५५ पर्यंत जायची. सायकलच्या हिशेबानं ती सोपी नव्हतीच. आठवड्यातले तीन दिवस त्या नकळत मध्यम-कठीण सायकल चालवत होत्या आणि चाचणीला अर्धवट थकून येत होत्या. ट्रायथलीटच्या घड्याळात दोन खेळांचे झोन वेगळे आहेत का, हे मी आता पहिल्याच आठवड्यात तपासतो. पाच मिनिटांचं काम.

अर्धवट राहिलेली चाचणी

दुसरी सायकल चाचणी अकराव्या मिनिटाला थांबली. पहिल्या वेळी सुरुवात जोरात झाली होती म्हणून या वेळी मी ट्रेनर अर्ग मोडवर टाकून १८५ वॅट बांधून दिले. माझ्या मते ही सोय होती, त्यांनी फक्त पेडल मारत राहायचं. अर्ग मोडमध्ये पॉवर ठरलेली असते. कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, कमी झाली की तीच पॉवर राखण्यासाठी ट्रेनर प्रत्येक फेरीला जास्त जोर मागतो. जोर वाढला की पाय आणखी मंदावतात, ट्रेनर आणखी आवळतो. आठव्या मिनिटाला कॅडेन्स ८८ होती, अकराव्याला ६० च्या खाली. चिखलात रुतल्यासारखं होतं ते. पंधरा सेकंद जरा हलकं घेऊन पुन्हा लय पकडावी म्हटलं तर तशी मुभाच नाही.

ट्रॅकवर ही मुभा कायम असते. फेरी दोन सेकंदांनी हळू गेली तर गेली, पुढच्या फेरीत भरून काढता येते. माझ्या ओळखीतले बरेच ट्रायथलीट धावण्याच्या चाचणीला सायकलपेक्षा "बरी" म्हणतात, त्यात या मुभेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. ट्रेडमिलवर चाचणी घेतली की तेच लोक तक्रार करू लागतात. पट्टा कुणासाठी थांबत नाही.

खोलीत वारा नव्हता, तेही होतंच. टेबलावरचा एक छोटा पंखा. धावताना माणूस स्वतःच्या वेगानं वारा निर्माण करतो, ट्रेनरवर घाम नुसता ठिबकत राहतो आणि वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही. चाचणी म्हणून जे मोजलं जात होतं त्यात किती भाग मांड्यांचा आणि किती त्या खोलीचा, कुणास ठाऊक.

त्यानंतर सुरू झाले ते मेसेज. घसा, झोप, ट्रेनर.

रॅम्पचा आनंद

तीन वेळा टळल्यावर मी सोपा मार्ग काढला. रॅम्प टेस्ट. दर मिनिटाला २० वॅट वाढतात, पाय थांबले की चाचणी संपली. सर्वांत जोरदार एका मिनिटाच्या सरासरीचे ७५ टक्के म्हणजे एफटीपी. सगळं वीस मिनिटांच्या आत आटोपतं आणि खरा त्रास शेवटच्या तीन-चार मिनिटांचाच. त्या आल्या, शेवटचं मिनिट २६८ वॅटचं निघालं, एफटीपी २०१. पहिल्या आकड्यापेक्षा ३२ वॅट वर. त्या खूश, मी त्याहून खूश. "बघा, म्हटलं नव्हतं मी, तुम्ही राखून ठेवत होता!"

या आकड्यावर आम्ही बेत आखला. शर्यतीत सायकल ८० टक्क्यांवर, म्हणजे १६१ वॅट. शर्यतीच्या सात आठवडे आधी रंगीत तालीम घेतली: ९० किलोमीटर सायकल त्या पॉवरवर आणि लगेच १० किलोमीटर धावणं, किलोमीटरला ५:१० च्या वेगानं. सायकल कशीबशी झाली, शेवटच्या अर्ध्या तासात पॉवर घसरत होती. धावायला उतरल्या तेव्हा पहिला किलोमीटर ५:१२, चौथा ५:५०, आठवा ६:२० आणि नववा चालत. ज्यांची धाव हीच जमेची बाजू, त्या बाई चालत होत्या.

गोम आकड्यातच होती. रॅम्पच्या शेवटच्या मिनिटांत थ्रेशोल्डच्या वरची मर्यादित शिल्लक जळत असते, आणि ७५ टक्क्यांचं सूत्र ती शिल्लक सगळ्यांची सारख्याच प्रमाणात धरतं. त्यातून २० वॅटची पायरी ९० किलोच्या दणकट स्वाराला जेवढी असते तेवढीच ५८ किलोच्या बाईला नसते. त्यांच्यासाठी तो चढ जास्त खडा होता, चाचणी लवकर संपली आणि शेवटच्या मिनिटात उसन्या ताकदीचा भाग मोठा निघाला. म्हणून आकडा फुगला.

पण मला त्या वेळी छळत होता तो प्रश्न वेगळा होता. २० मिनिटांच्या चाचणीत कोसळणारी व्यक्ती रॅम्पमध्ये इतकी मोकळेपणानं कशी लढली? राखून ठेवायचा स्वभाव असता तर तिथेही दिसला असता.

दोन आकडे मागितले तेव्हा

गुन्नार बोर्ग या स्वीडिश संशोधकानं श्रम किती जाणवतात ते आकड्यात सांगायची पट्टी बनवली, आधी ६ ते २० ची आणि पुढे दहाची. आम्ही सगळे ती वापरतो: "दहापैकी किती?" जाणवणाऱ्या श्रमाचे दोन झरे असतात, एक पायांतला आणि एक छातीतला, आणि ते वेगवेगळे विचारता येतात, हेही मी वाचलं होतं. वापरलं कधी नव्हतं.

मराठीत खरं तर हा भेद आपण रोज करतो. "दम लागला" वेगळं आणि "पाय भरून आले" वेगळं. मी मात्र दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात मागत होतो.

तालमीनंतरच्या आठवड्यात ट्रॅकवर ८ मिनिटांचे तीन तुकडे थ्रेशोल्डच्या वेगानं घेतले. दर दोन मिनिटांनी मी ओरडून विचारायचो, त्या दोन आकडे द्यायच्या. मांड्या चार, दम सात. मांड्या पाच, दम आठ. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी मांड्या सहा, दम नऊ. दोन दिवसांनी तसेच तीन तुकडे ट्रेनरवर, १८० वॅट, अर्ग मोड बंद, दोन मोठे पंखे समोर. पहिल्या तुकड्यात मांड्या आठ, दम पाच. दुसऱ्या तुकड्याच्या तिसऱ्या मिनिटाला: "मांड्या दहा, दम सहा."

मी विचारलं, "दहा म्हणजे आता थांबणार?"

"हो."

"किती वेळात?"

"मिनिटभरात. नक्की."

"बरं. मिनिट होऊ द्या."

मिनिट झालं. "दहा." पॉवर १८१. आणखी एक मिनिट. "दहा." १७९. पाच मिनिटं त्या दहा म्हणत राहिल्या आणि पॉवर तिथल्या तिथे राहिली. आठ मिनिटं पूर्ण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते जरा रागानंच. "मग हे दहा नव्हतंच."

तिथे मला उलगडलं. नऊ वर्षांच्या धावण्यात मांड्या अशा पेटतात कधी? ४०० मीटरच्या जोरदार फेरीच्या शेवटच्या शंभर मीटरला. किंवा चढावर फसल्यावर. तिथे त्या जळजळीचा अर्थ एकच असतो, आता काही सेकंदांत पाय थांबणार. शरीरानं तो धडा शेकडो वेळा गिरवलेला. सायकलवर थ्रेशोल्डला तीच जळजळ पाचव्या-सहाव्या मिनिटाला येते आणि तिथेच मुक्काम ठोकते. पेडल दाबताना स्नायू आवळलेला राहतो, तेवढा वेळ आतल्या रक्ताची वाट अरुंद होते. भार मोजक्या स्नायूंवर असतो, आणि धावताना टाचेमागची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) स्प्रिंगसारखी ताणून जो फुकटचा धक्का परत देते तसं काही पेडल देत नाही. म्हणून छाती निवांत असतानाही मांड्या बोंबलतात. ती जळजळ वाईट असते, पण ती लगेच कोसळण्याची सूचना नसते. पुढे पंधरा मिनिटं तिच्यासोबत काढता येतात.

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लहानपणापासून सायकल शर्यतीत वाढलेल्याला ते सांगावं लागत नाही, त्यामुळे प्रशिक्षकही सांगत नाहीत. पहिल्या चाचणीत चौथ्या मिनिटाला मांड्या पेटल्या आणि शरीरानं आपल्या जुन्या अनुभवावरून पॉवर खाली ओढली. त्यांनी राखून काहीच ठेवलं नव्हतं. त्यांना खरोखर वाटलं होतं की संपलं. आणि रॅम्प? रॅम्पमध्ये जळजळ अगदी शेवटी येते आणि तिचा अर्थ खरोखरच "आता थांब" असा असतो. तिथे धावण्याचा धडा बरोबर ठरत होता, म्हणून भीती नव्हती.

उलटं उदाहरण

माझ्याकडे सराव करणाऱ्यांत सायकलिंगमधून आलेला एक जण आहे. तो २० मिनिटांची चाचणी शिट्टी वाजवत देतो म्हटलं तरी चालेल. धावण्याची चाचणी आली की त्याच्या पोटात गोळा. तो म्हणतो, "दम तुटतो हो, मांड्यांना काहीच झालेलं नसतं आणि छाती फुटायला येते." त्याच्यासाठी तसला दम म्हणजे सायकलवरचा शेवटचा स्प्रिंट, त्यामुळे दुसऱ्याच किलोमीटरला वेग सोडतो. शिवाय धावण्याच्या चाचणीनंतर तीन दिवस त्याला जिना उतरता येत नाही. प्रत्येक पाऊल पडताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो आणि त्यातच सूक्ष्म इजा होते. पेडल मारताना हा प्रकार जवळपास नसतो. सायकल सगळी वसुली रोखीत करते, धावणं बरीचशी उधारी ठेवतं आणि दोन दिवसांनी वसुलीला येतं.

पोहण्याच्या चाचणीबद्दल मात्र आजवर माझ्याकडे कुणी रडलेलं नाही. ४०० आणि २०० मीटर पोहायचं, दोन्हींना लागलेल्या वेळांची वजाबाकी, झालं. कंटाळा सगळ्यांना, भीती कुणालाच नाही.

नवा आकडा

शर्यतीला सहा आठवडे उरले होते. मला २० मिनिटांच्या चाचणीचा आग्रह सोडायचा होता आणि रॅम्पवर विश्वास उरला नव्हता. म्हणून क्रिटिकल पॉवरकडे वळलो. मोनो आणि शेरर या संशोधकांनी १९६५ साली मांडलेली कल्पना: वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन पूर्ण जोराचे प्रयत्न घेतले की पॉवरची टिकाऊ पातळी आणि तिच्यावरची मर्यादित शिल्लक, दोन्ही वेगळ्या काढता येतात.

दोन दिवसांच्या अंतरानं दोन प्रयत्न घेतले. ३ मिनिटांत सरासरी २४६ वॅट. १२ मिनिटांत २०४. बारा मिनिटांचा प्रयत्न त्या मध्येच सोडतील अशी शंका होती, पण आता त्यांच्याकडे मांड्यांच्या दहाचा अनुभव होता. हिशेब सोपा आहे. १२ मिनिटांत एकूण काम २०४ गुणिले ७२० सेकंद, म्हणजे १,४६,८८० ज्यूल. ३ मिनिटांत २४६ गुणिले १८०, म्हणजे ४४,२८०. फरक १,०२,६०० ज्यूल, त्याला ५४० सेकंदांनी भागलं की १९० वॅट. ही क्रिटिकल पॉवर. शिल्लक साधारण १० किलोज्यूल. या दोन आकड्यांवरून २० मिनिटांचा अंदाज काढला तर १९८ वॅट येतो, त्याचे ९५ टक्के १८८.

तर तीन चाचण्यांतून एकाच बाईचे तीन एफटीपी निघाले: १६९, २०१ आणि १८८. पहिल्यात भीती मोजली गेली होती, दुसऱ्यात पायरीची उंची. तालमीतले १६१ वॅट १८८ च्या ८६ टक्क्यांवर जातात. या दर्जाच्या हौशी खेळाडूनं तीन तासांच्या आसपास तिथे बसून मग २१ किलोमीटर पळायचं ही अपेक्षाच चूक होती. ८० टक्के म्हणजे १५० वॅट. अकरा वॅटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो.

पडद्यावरचं दृश्यही बदललं. ट्रॅकवर त्यांना ३० मिनिटांत सोळा वेळा आकडा दिसायचा, फेरी संपली की. ट्रेनरवर २० मिनिटांत बाराशे वेळा, दर सेकंदाला, तोही उड्या मारणारा. १९३, १७८, २०१, १७२. प्रत्येक घसरणीला धस्स. मी तात्कालिक पॉवर लपवली आणि दोन मिनिटांचे लॅप लावले, फक्त लॅपची सरासरी दिसेल अशी. वीस मिनिटं म्हणजे दहा फेऱ्या. पहिल्यांदा चालवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे ट्रॅकसारखं आहे." सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्त होता आणि बहुधा सर्वांत उपयोगाचा.

एक बदल त्यांना अजिबात आवडला नाही. धावण्याच्या चाचण्या मी कमी केल्या. त्या दर तीन आठवड्यांनी आनंदानं देत होत्या, आणि प्रत्येक वेळी पुढचे दोन-तीन दिवस पोटऱ्या जड, त्या आठवड्याची लांब धाव मोडलेली. चार चाचण्यांत वेग किलोमीटरमागे फार तर तीन सेकंदांनी हलला होता. त्यातून कळत काहीच नव्हतं, फक्त बरं वाटत होतं. टाळलेली चाचणी प्रशिक्षकाच्या डोळ्यांत खुपते, आवडीची चाचणी खुपत नाही. तीही तपासायला हवी होती.

शर्यत आणि नंतर

शर्यतीत सायकलची सरासरी १५१ वॅट राहिली आणि २१.१ किलोमीटर त्यांनी किलोमीटरला ५:१२ नं काढले, जवळपास १ तास ५० मिनिटं. चालावं लागलं नाही. याचं श्रेय चाचणीला द्यायचा मोह होतो, पण त्या दिवशी हवा गार होती, रस्ता तालमीपेक्षा सपाट होता आणि मधल्या सहा आठवड्यांत सोप्या सायकली खरोखर सोप्या झाल्यामुळे त्या ताज्या होत्या. यातलं कशानं किती दिलं ते वेगळं काढता येणार नाही.

दोन महिन्यांनी २० मिनिटांची चाचणी पुन्हा ठेवली. आदल्या रात्री मेसेज आलाच: "सर, जरा कणकण वाटतेय." मी लिहिलं, "ताप मोजा. नसेल तर वॉर्मअप करून बघू, नाही जमलं तर सोडू." ताप नव्हता. दहा लॅप, पहिला १९८, पाचवा १९९, शेवटचा २०९. सरासरी २०१, एफटीपी १९१. सातव्या लॅपला मांड्या नऊ, दम सात. कठीण किती? "नऊ." आवडली का, असं मी विचारलं नाही. चेहरा बघून कळत होतं.

सायकलची पुढची चाचणी दहा आठवड्यांनी आहे आणि ती वहीत फक्त "दहा लॅप" म्हणून लिहिली आहे. धावण्याची त्याच आठवड्यात, त्याआधी नाही. त्यावरून त्या अजून माझ्यावर नाराज आहेत.